अंगणापुरती लेवल

शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहणाऱ्या बन्यामीनची पिकअप जन्मापासून नम्र होती. पुढून वाकलेली, मागून उचललेली. रिकामी उभी असली की प्रार्थनेला गुडघे टेकल्यासारखी दिसायची. पाद्रीसाहेबांनी एकदा तसं बोलूनही दाखवलं आणि बन्यामीन ते पुढं दोन वर्षं कौतुक म्हणून सांगत फिरला. त्याचा धंदा केंदूरचे कांदे नि न्हावऱ्याची शेवंती वाहायचा. हौद्यात कांदा भरला की गाडीचं मागचं अंग खाली बसायचं, नाक वर यायचं आणि गाडी माणसात यायची. त्यामुळं तिच्या नम्रपणाचा कुणाला त्रास असा नव्हताच.

केकचं वजन मात्र कांद्याइतकं नसतं.

बन्यामीनची लेक एंजल हिचा साखरपुडा दौंडला ठरला, तेव्हा कृपाबाईनं, म्हणजे बन्यामीनच्या बायकोनं, तीन मजली केक केला. कृपाबाईच्या हातचा केक खाऊन मागच्या पाद्रीसाहेबांनी स्वतःची बदली दोनदा रद्द करून घेतली, असं कंपाउंडात लोक शपथेवर सांगतात. तर तो केक शिरूरहून निघताना हौद्याच्या बरोबर मधोमध होता. न्हावऱ्याला तो हातभर पुढं आला. पारगावच्या पुलावर आणखी हातभर. दौंडला गाडी थांबली तेव्हा तिन्ही मजले केबिनच्या मागच्या काचेला गाल लावून उभे होते आणि केकवरचं ‘एंजल वेड्स जेम्स’ काचेवर उलटं छापलं गेलं होतं.

नवरा मुलगा जेम्स, आणि त्याचे वडील ख्रिस्तोफर. ख्रिस्तोफरसाहेबांनी छत्तीस वर्षं रेल्वेत रुळांची मापं घेण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर मोजायला रूळ उरले नाहीत, म्हणून ते समोर येईल ते मोजत. त्यांनी चष्मा पुसला, काचेवरची अक्षरं उलटी वाचली आणि म्हणाले, "विहीणबाई, केक झकास आहे. काचेसकट कापायचा, का काच तुम्ही परत नेणार?"

मांडवातली माणसं हसली. कृपाबाई हसली नाही.

"लग्नाचा केक मी पुण्याहून मागवतो," ख्रिस्तोफर म्हणाले. "तिथनं येणाऱ्या वस्तू उभ्याच्या उभ्या येतात."

"माझ्या पोरीच्या लग्नात माझ्याच हातचा केक कापला जाईल," कृपाबाई म्हणाली. "न्हाईतर मी घरी बसून प्रार्थना करीन. कशासाठी, ते इचारू नका."

दोन्हीकडच्या मंडळींनी मधे पडून तोड काढली. कृपाबाईनं पाच मजली केक करायचा, पुण्याचाही मागवायचा, आणि दोन्ही दौंडच्या लग्नाच्या हॉलमध्ये ठेवायचे. लग्नाच्या दिवशी अकराच्या आत कृपाबाईचा केक पाचही मजल्यांनिशी सरळ उभा असला, तर तो कापायचा. नाहीतर पुण्याचा.

"पण सरळ म्हणजे सरळ," ख्रिस्तोफर म्हणाले. "मी लेव्हल लावून बघणार. त्या हॉलची फरशी माझ्या देखरेखीखाली झालीय. एक सूत इकडचं तिकडं सापडलं, तर मिशी काढून हातात देईन!"

परतीच्या वाटेवर कृपाबाई पन्नास किलोमीटरमध्ये एकच वाक्य बोलली. "अहो, ह्या गाडीचं नाक वर करा, न्हाईतर माझं खाली जाईल."

बन्यामीननं दुसऱ्याच दिवशी हौशीरामाला बोलावलं. आता गाडीचं नाक उचलायला गवंडी कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. बन्यामीनला पडला नाही. हौशीराम केंदूरचा, लेवलच्या कामात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बन्यामीनच्या दारातली शहाबादी फरशी त्यानंच बसवलेली होती, आणि सात वर्षांत त्या अंगणात पाण्याचा थेंब कधी साचला नव्हता.

"आप्पा, लेवल म्हंजी लेवल," हौशीराम म्हणाला. "भिताडाची असू नायतर मोटारीची. पानी काय दोन भाषा बोलत न्हाई."

गावातल्या एका फिटरला हाताशी घेऊन कामाला सुरुवात झाली. फिटरनं पुढच्या दोन्ही स्प्रिंगांवर लोखंडी ठोकळे बसवायचे, आणि ठोकळा किती जाड ते हौशीरामानं सांगायचं. त्यानं आपली पाण्याची पारदर्शक नळी काढली. एक टोक गाडीच्या नाकाला, दुसरं शेपटाला. मग एक टोक डावीकडं, दुसरं उजवीकडं. एक डोळा मिटून, जीभ गालात घालून त्यानं पाणी वाचलं.

"फुडून चार बोटं उचला," त्यानं निकाल दिला. "आन् डावी बाजू अंगठाभर जास्त खचलीय. तिकडं जाड ठोकळा घाला."

"डावीच का खचंल?" फिटरनं विचारलं.

"डिरायव्हर उजवीकडं बसतो आन् खचली डावी, म्हंजी बघ किती जुनं दुखणं आसंल," हौशीराम म्हणाला. यात काय उत्तर होतं ते कुणाला कळलं नाही, पण आवाज असा लागला होता की फिटरनं निमूट जाड ठोकळा घातला.

संध्याकाळी गाडी उभी राहिली ती अशी, की नव्या नवरदेवानं मान ताठ करावी. हौशीरामानं काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला. एक थेंब सांडला नाही. हौद्यात मधोमध लिंबू ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. शेजारच्या शेवंताबाईंना वाटलं की बन्यामीन गाडीची पूजा करतोय, पण ते लिंबू निव्वळ तपासणीचं होतं.

जाता जाता फिटर म्हणाला, "आता चाकांची अलायमेंट करून घ्या बरं का. नाक उचललंय गाडीचं."

"लेवल केली की!" बन्यामीन म्हणाला.

"लेवल येगळी, अलायमेंट येगळी."

हौशीराम हसला. "आप्पा, लेवल म्हंजी आडवं सरळ. वळंबा म्हंजी उभं सरळ. आन् अलायमेंट म्हंजी हेच दोन्ही इंग्रजीत. येकाच कामाला तीन नावं ठिवायची आन् गिऱ्हाइकाला तीनदा बोलवायचं, समजलं का?"

बन्यामीनला पटलं. फुकटात पटणाऱ्या गोष्टी त्याला नेहमी लवकर पटत.

दुसऱ्या दिवशी तो पत्रिका वाटायला दौंडला निघाला. कंपाउंडाच्या फाटकातून बाहेर पडल्यापडल्या गाडी उजवीकडं ओढू लागली. त्यानं स्टेअरिंग डावीकडं धरलं, तेव्हा ती सरळ चालली. जरा हात सैल केला की पुन्हा उजवीकडं. केडगाव चौफुल्यावर डावीकडं दौंड, उजवीकडं पुणं. बन्यामीननं तंबाखू मळायला फक्त दोन मिनिटं स्टेअरिंग सोडलं, आणि तंबाखू ओठाखाली जाईपर्यंत गाडी चौफुला ओलांडून, यवत मागं टाकून कासुर्डीत चहाच्या टपरीपुढं उभी. त्या महिन्यात तो दौंडला म्हणून नऊ वेळा निघाला आणि पाच वेळा कासुर्डीला पोचला. शेवटी टपरीवाल्यानं हक्कानं विचारलं, "मामा, आमाला पत्रिका न्हाई व्हय?"

बन्यामीन हार मानणारा नव्हता. त्यानं गाडी दुरुस्त न करता स्वतःलाच दुरुस्त केलं. घड्याळात बारा वाजलेले असावेत तसं स्टेअरिंग सरळ असतं. बन्यामीन त्यावर कायम पावणेअकरा वाजवून ठेवायचा. महिनाभरात त्याचा डावा दंड इतका भरला की लग्नासाठी शिवलेल्या कोटाची डावी बाही उसवून परत घालावी लागली. सवय अंगात एवढी मुरली की रविवारी चर्चमध्ये मधल्या वाटेनं सरळ चालता चालता तो आपोआप डावीकडं वळला आणि बायकांच्या बाकावर कस्तुराबाईंच्या शेजारी जाऊन बसला. पहिलं गीत संपेपर्यंत त्याला कळलंच नाही. कस्तुराबाईंना पहिल्या ओळीलाच कळलं होतं, पण त्यांनी गीत पूर्ण होऊ दिलं.

टायरांची गत तर विचारू नये. पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेला नवे कोरे, आतल्या कडेला असे गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा.

लग्नाला आठवडा राहिला, तेव्हा कृपाबाईनं तपासणी घ्यायची ठरवली. केकच्या मापाचे पाच स्टीलचे डबे तिनं हौद्यात एकावर एक रचले आणि म्हणाली, "न्हावऱ्यापर्यंत चला."

फाटकातून गाडी रस्त्याला लागली आणि पाची डबे उजवीकडं कोसळले. सगळ्यात वरचा डबा घरंगळत मिशनच्या दवाखान्यात गेला, असं म्हणतात.

"लेवल हाय म्हनता ना?" कृपाबाईनं विचारलं. "मग डबे कुनाचं ऐकत्यात?"

हौशीरामाला पुन्हा बोलावणं गेलं. तो नळी घेऊन आला. गाडी अंगणात जागेवर उभी केली आणि नळी लावली. पाणी दोन्ही टोकांना केसाइतकंही वरखाली नाही. पुन्हा चहा ठेवला. सांडला नाही. पुन्हा लिंबू ठेवलं. हललं नाही.

"आप्पा, गाडी सरळ हाय," हौशीराम गंभीर होऊन म्हणाला. "रस्ताच तिरका हाय."

"सगळा? शिरूर ते दौंड?"

"आता मी काय सगळा बघितला न्हाई. पन जेवडा बघितला तेवडा तिरकाच हाय."

बन्यामीनचा विश्वास बसला. रस्त्याविषयी सरकारला अर्ज लिहायला त्यानं वहीचं पान फाडलंही. कृपाबाईनं ते पान हातातून काढून घेतलं, त्याची पुडी करून त्यात बेदाणे बांधले आणि म्हणाली, "दौंडला चला. अलायमेंटवाल्याकडं. आत्ता. मी संगं येते, म्हंजी कासुर्डी लागायची न्हाई."

दौंडच्या अलीकडं बिरदेवचं अलाइनमेंटचं दुकान होतं. बिरदेव कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, चारी चाकांना चिमटे लावले, संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर जेवढे आकडे होते, तेवढे सगळे लाल. एक आकडा तर इतका लाल होता की बिरदेवनं पडदा पुसून पाहिला.

"मामा, लेवल कुनी केली?"

"केंदूरच्या गवंड्यानं," बन्यामीन म्हणाला. "पाण्याची नळी लावून. एकदम पक्की."

बिरदेवनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गाडी कुठं उभी करून?"

"माझ्या दारात. शहाबादी फरशीवर."

"फरशी कुनी बसवली?"

"त्यानंच की. आजवर पाणी साचलं न्हाई."

"मोरी कुठल्या अंगाला हाय?"

"डाव्या," बन्यामीन म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

कृपाबाईला हसू फुटलं ते आवरेना. सांडपाणी मोरीकडं जावं म्हणून हौशीरामानं अंगणाला डावीकडं अंगठाभर उतार दिला होता. मग त्याच उतारावर गाडी उभी करून, त्याच उताराचा दोष गाडीच्या डाव्या बाजूवर ठेवून, तेवढाच जाड ठोकळा त्यानं तिकडं घातला होता. सपाट रस्त्यावर आली की गाडी उजवीकडं कलायची, आणि परत अंगणात उभी केली की पुन्हा सरळ.

"तुमची गाडी लेवलच हाय मामा," बिरदेव शांतपणे म्हणाला. "फकस्त जाल तिकडं अंगन संगं न्यावं लागंल."

त्यानं दोन्हीकडं सारख्या जाडीचे ठोकळे बसवले. पुढचे टायर बदलायला लावले. मग म्हणाला, "आन् ठोकळे सारके असते तरी तुमाला यावंच लागलं असतं. नाक वर केलं का चाकांची पावलं फाकत्यात. तुमी आभाळाकडं बघत चाला, पाय सरळ पडत्यात का? तसं. पैल्यांदा नाक उचलायचं, मंग पावलं सरळ करायची. येक केलं आन् दुसरं सोडलं, तर टायर खाल्लाच."

खाली उतरून त्यानं पान्यानं काहीतरी अर्धा आटा फिरवलं, वर येऊन पडदा पाहिला, पुन्हा खाली गेला. असं अकरा वेळा. एकेक लाल आकडा हिरवा होत गेला. शेवटचा हिरवा झाला तेव्हा कृपाबाईच्या तोंडून "हालेलुया" निघून गेलं.

"आता स्टेरिंगला धरूबी नका," बिरदेव म्हणाला. "आपोआप सरळ जाईल."

गाडी सरळ जायला तयार होती. प्रश्न बन्यामीनचा होता. दुकानातून निघाल्यावर शंभर पावलांत त्याच्या डाव्या हातानं सवयीनं स्टेअरिंग ओढलं आणि गाडी एका उसात शिरली. बाहेर काढली. पुढं ती झेंडूत शिरली. पारगावच्या पुलाआधी तर ती कुणाच्या तरी ओट्याला लागून अशी थांबली, की घरातल्या कुशाबाईंनी पाहुणे आले समजून पाण्याचा तांब्या बाहेर आणला.

कृपाबाई पाणी प्यायली, तिनं तांब्या परत दिला आणि नवऱ्याकडं पाहिलं. "गाडीची झाली. तुमची ऱ्हायली."

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला पाच मजली केक हौद्यात चढला. हौशीराम आंघोळ करून, पांढरी टोपी घालून हजर. "माज्या हातनं चूक झाली, आप्पा. केकजवळ मी बसतो. लेवलला मी जबाबदार." त्याच्या हातात नळी होतीच, ती कुणीही मागितली नव्हती.

केबिनमध्ये कृपाबाई बन्यामीनच्या शेजारी बसली. तिच्या हातात केकवर आयसिंग फिरवायची लांब लोखंडी पट्टी होती. बन्यामीनचा डावा हात खाली ओढायला लागला की मनगटावर पट्टी. न्हावऱ्यापर्यंत पट्टीचे तीस फटके झाले. पारगावपर्यंत आणखी बारा. चौफुल्याला आल्यावर मात्र डावीकडंच वळायचं होतं, आणि तिथं महिनाभराच्या सवयीचं पहिल्यांदाच चीज झालं. हात असा वळला की कृपाबाईनं पट्टी खाली ठेवून शाबासकी दिली. वाटेत दोन बैलगाड्या आणि एक पायी जाणारं शेरडांचं खांड त्यांना मागं टाकून गेलं. बन्यामीननं एकदाही हॉर्न वाजवला नाही. आयसिंगला तडा जाईल अशी त्याला भीती होती.

सव्वादहाला पिकअप हॉलपुढं उभी राहिली. मागून हौशीरामाचा आवाज आला. "पाची मजले हजर हायती!"

चौघांनी केक पाटासकट आत नेला आणि लांब टेबलावर ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुण्याचा केक होता, खोक्यातून काढलेला, गुलाबी, वर साखरेच्या हंसाची जोडी. ख्रिस्तोफर नव्या सुटात पुढं आले. मिशीला तेल होतं. खिशातून त्यांनी बुडबुड्याची लेव्हल काढली आणि कृपाबाईच्या केकखालच्या पाटावर ठेवली.

बुडबुडा क्षणभर मधे थांबला. मग हळूहळू एका टोकाला गेला.

बन्यामीनला वाटलं, आपला डावा हात आपल्याला आता कुठं तरी लांब घेऊन जाईल तर बरं.

"दोन सूत," ख्रिस्तोफर म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण ते काही टिकाऊ वाटलं नाही. "सॉरी, विहीणबाई. नियम तो नियम. पुण्याचा केक मधे घ्या."

कृपाबाईला बिरदेवचा प्रश्न आठवला, ‘गाडी कुठं उभी करून?’

"साहेब," ती म्हणाली, "पुण्याच्या केकला बी लेव्हल लावा की जरा."

ख्रिस्तोफरांनी हसत लावली. बुडबुडा त्याच टोकाला, तेवढाच. हसू अर्ध्यावर थांबलं.

"आता टेबलाला लावा."

त्याच टोकाला.

"आता फरशीला."

ख्रिस्तोफर वाकले. नव्या सुटाचा गुडघा फरशीवर टेकला. लेव्हल ठेवली. सगळं वऱ्हाड त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतं. बुडबुडा त्याच टोकाला जाऊन, घरी आल्यासारखा, शांत बसला. त्याच्या बरोबर उलट दिशेला, उताराच्या अंगाला, भिंतीत सांडपाण्याचं एक भोक होतं. जेवणावळीनंतर हॉल धुता यावा म्हणून.

"उतार द्यावाच लागतो, साहेब," हौशीराम मागून आपुलकीनं म्हणाला. एका कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं. "न्हाईतर पानी साचतं."

ख्रिस्तोफरांनी लेव्हल उचलली. मग उठले. कुणाकडं न बघता पुण्याच्या केकचं रिकामं खोकं उचललं, त्याचं झाकण फाडलं, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या खालच्या अंगाच्या दोन पायांखाली अर्धं अर्धं सरकवलं. पुन्हा लेव्हल लावली. बुडबुडा मधे आला.

"हं," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."

"पुण्याची वस्तू कामाला आली हो," कृपाबाई म्हणाली, आणि सुरी पुसून तिनं एंजलच्या हातात दिली.

लग्नाचे फोटो आजही बन्यामीनच्या भिंतीवर आहेत. केक सरळ आहे, पाच मजली आहे. ख्रिस्तोफरसाहेब सगळ्या फोटोंत रुमालानं मिशीची जागा पुसताना दिसतात. बन्यामीन मात्र एकाही फोटोत नाही. फोटोग्राफरनं "सरळ पुढं या" म्हटलं, तेव्हा तो डावीकडं निघून गेला होता.